नाक किती मोठं काढायचं

समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या माणसं सांगून टाकतात. ‘नाक जरा लहान काढा हं.’ ‘दात दाखवू नका.’ ‘पोट नको, नुसता चेहरा.’ पनवेल, खारघर, कामोठे, उरण या पट्ट्यातल्या लग्नाच्या हॉलमध्ये, कंपन्यांच्या कार्यक्रमांत, सोसायट्यांच्या गणपतीत बसून लोकांची कॅरिकेचर काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एका गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. माणूस ज्याची सगळ्यात आधी काळजी करतो, ते बहुतेक वेळा त्याच्या चेहऱ्यातलं मुख्य नसतंच. नाक लहान काढा म्हणणाऱ्या बाईंचं नाक चारचौघींसारखंच असतं. वेगळी असते ती त्यांची हनुवटी, किंवा बोलताना वर जाणारी एक भुवई. तिचा त्यांना पत्ताही नसतो.

हॉलमध्ये एका चेहऱ्याला पाच-सात मिनिटं मिळतात. रांग लागलेली असते, पलीकडे डीजे चालू असतो, मागे उभी राहून मुलं कागदात डोकावत असतात. मी ब्रशपेननं थेट काढते. आधी पेन्सिल नाही, खोडरबर नाही. म्हणून पहिलं अर्धं मिनिट कागदाला हातच लावत नाही. ‘मुलाकडचे की मुलीकडचे?’, ‘जेवण झालं का?’ असं काहीतरी विचारते. माणूस बोलायला लागला की फोटोसाठी घातलेला चेहरा उतरतो. मग बघायचा तो डोक्याचा आकार. वर रुंद की खाली रुंद, लांबट की चौकोनी? त्यानंतर दोन डोळे आणि नाक यांचा त्रिकोण. डोळ्यांमध्ये किती अंतर, तिथून नाकाचं टोक किती खाली, नाकापासून वरचा ओठ किती लांब. हा सांगाडा जमला तर केस, कानातले, चष्मा थोडे इकडेतिकडे झाले तरी माणूस ओळखू येतो. सांगाडाच हुकला तर मिशी हुबेहूब काढूनही उपयोग नाही. आणखी एक हिशेब हात हळूहळू शिकतो. चेहऱ्यात जागा मोजकीच असते. कपाळ वाढवलं तर हनुवटी आवरायची, जबडा वाढवला तर डोळे आकसायचे. सगळंच फुगवलं तर तो कुणीही फुगीर माणूस होतो.

हे बघणं मी हार्बरच्या लोकलमध्ये शिकले. उपयोजित कलेच्या शिक्षणासाठी रोज पनवेलहून सीएसएमटीला जायचे. आपलं शेवटचं स्टेशन, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळायची आणि सव्वा-दीड तास समोरच्या बाकावरचे चेहरे हक्काचे असायचे. लेडीज डब्यात कुणी मेथी निवडतेय, कुणी पोथी वाचतेय, कुणी खिडकीला डोकं टेकून झोपलीय. झोपलेला चेहरा काढायला सोपा वाटतो, पण तो फार अवघड. हसू, आश्चर्य, आठ्या अशा ओळखीच्या सगळ्या खुणा त्यातून गेलेल्या असतात. उरतो तो नुसता आकार. तो काढता आला तर जागा माणूस काढता येतो.

एकदा एका बाईंनी माझी वही हातातून काढून घेतली. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी पानं उलटली आणि वही शेजारणीकडे दिली. ती पूर्ण डब्यात फिरली. ‘ही तर मानखुर्दवाली’, ‘ह्या आपल्या बेलापूरच्या मॅडम’ असं चाललं होतं. एका पानावर मी एक बाई पाठमोरी काढली होती. सैल अंबाडा, एका खांद्यावर पर्सचा पट्टा आणि त्यामुळे तिरका झालेला दुसरा खांदा. चेहरा नव्हताच. तीही दोघीतिघींनी एका दमात ओळखली. माणसाची ओळख चेहऱ्यात मावत नाही, ती खांद्यात, चालीत, पिशवी धरण्याच्या पद्धतीत सांडलेली असते, हे मला त्या डब्यातल्या बायकांनी दाखवलं. पुढे 2014 साली स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह आलं, कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलेलं, तेव्हा मला तो डबा आठवला. त्यात गांधीजींचा चेहरा नाही, काठी नाही, पंचा नाही. नुसता गोल काचांचा चष्मा, एका काचेत ‘स्वच्छ’, दुसरीत ‘भारत’. देशातल्या कुठल्याही माणसाला तो कुणाचा, हे विचारावं लागत नाही.

अतिशयोक्ती केली तर चेहरा ओळखायला उलट सोपा का जातो, यात शास्त्रज्ञांनीही डोकं घातलं आहे. सुसान ब्रेनन या संशोधक बाईंनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एक संगणक प्रोग्रॅम तयार केला. अनेक चेहऱ्यांचा मिळून एक सरासरी चेहरा घ्यायचा, समोरचा चेहरा त्याच्याशी ताडायचा आणि जिथे जिथे फरक दिसेल तिथे तो ताणायचा. 1987 साली जिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान कॅरी यांनी यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ओळखीच्या माणसांची अशी ताणलेली रेखाचित्रं लोकांनी बिनचूक रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली. मला हे फार उशिरा वाचायला मिळालं, पण वाचताना पटत गेलं. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक सरासरी चेहरा असतो, आणि माणूस त्याच्यापासून किती लांब, यावरून आपण तो लक्षात ठेवतो.

पण मग तो सरासरी चेहरा कुणाचा, हा प्रश्न येतो, आणि पनवेलमध्ये तो रोज येतो. आमच्या लहानपणी गावात ओळखीचे चेहरे होते: आगरी, कोळी, ब्राह्मण, प्रभू, मुसलमान, गुजराती व्यापारी, रानातून लाकडं-भाजी घेऊन येणारे कातकरी. आता तळोज्याच्या कारखान्यांत ओडिशा-बिहारची माणसं, खारघरला दाक्षिणात्य कुटुंबं, सोसायटीच्या गेटवर नेपाळी आणि आसामी पहारेकरी. नवख्या चित्रकाराला नेपाळी माणूस दिला की तो डोळेच काढतो. पण ते डोळे तर त्याच्या सगळ्या गावाचे आहेत. चित्रकारानं त्या माणसाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं, फक्त आपण नेपाळी माणसं कमी पाहिली एवढं सांगितलेलं असतं. त्याच्या भावाला विचारा, तो म्हणेल, याचे कान बघा, वरून किती टोकदार आहेत. म्हणून जिथले चेहरे ओळखीचे नाहीत तिथे मी आधी जाऊन बसते, चहा पिते, वीस-पंचवीस चेहरे नुसते बघते, मग पेन काढते. रंगाच्या बाबतीतही तेच. कातळासारखा काळा माणूस काढायचा म्हणून कागद काळा करत सुटणं याला मी कला मानत नाही.

पनवेलच्या माणसाला या कलेवर बोलताना प्रबोधनकार ठाकऱ्यांना टाळून पुढे जाता येत नाही. 17 सप्टेंबर 1885 रोजी त्यांचा जन्म इथला. त्यांचे चिरंजीव बाळ ठाकरे ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार होते, आर. के. लक्ष्मणही काही काळ तिथेच होते. 13 ऑगस्ट 1960 रोजी बाळ आणि श्रीकांत या दोघा भावांनी ‘मार्मिक’ साप्ताहिक काढलं, त्याचं नाव प्रबोधनकारांनी सुचवलेलं. बाळ ठाकऱ्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, त्यांच्या ब्रशच्या रेषेपुढे मी विद्यार्थिनी म्हणून बसले आहे. व्यंगचित्रकार डेव्हिड लो हा त्यांचा आदर्श. लोसारखाच कुंचला, जाडबारीक होत जाणारी एकच रेषा, आणि कोटाच्या चुणीपासून बुटापर्यंत सगळा माणूस चितारलेल्या नेत्यासारखा. नाक मोठं काढून थांबणारे पुष्कळ असतात. बूटसुद्धा त्या माणसाचे काढणारे थोडे.

सत्तेसमोर या कलेचा उपयोग किती जुना आहे! 1831 साली फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या बदनामीबद्दल शार्ल फिलिपाँ या संपादकावर खटला चालला. त्यानं कोर्टात चार चित्रं काढून दाखवली. पहिलं राजाचं, दुसरं जरा बदललेलं, तिसरं आणखी बदललेलं, आणि चौथं नुसतं नासपती. यातलं नेमकं कुठलं चित्र गुन्हा, असा त्याचा सवाल होता. त्याला शिक्षा झाली, पण राजा लोकांच्या मनात कायमचा नासपती झाला. न्यूयॉर्कचा लाचखोर पुढारी ‘बॉस’ ट्वीड कैदेतून निसटून 1876 साली स्पेनला पोचला, तेव्हा थॉमस नास्टनं काढलेल्या व्यंगचित्रावरून तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला ओळखलं. मुंबईत एकोणिसाव्या शतकातच ‘पारसी पंच’ आणि त्याचा पुढचा अवतार ‘हिंदी पंच’ पुढाऱ्यांची आणि गोऱ्या साहेबांची अशी चित्रं छापत होता.

एका निवडणुकीच्या तोंडावर एका उमेदवाराची माणसं माझ्याकडे आली. विरोधी उमेदवाराची चित्रमालिका हवी होती, मोबाइलवर फिरवायला. तो विरोधक लहानपणच्या पोलिओमुळे लंगडत चालायचा. ‘मॅडम, चाल जरा खास दाखवा, बाकी तुम्हाला जमेल तसं.’ पैसे लग्नाच्या कामाच्या कितीतरी पट. त्या महिन्यात मला पैशांची गरजही होती. मी विचारलं, त्यांनी काय काम वाईट केलंय ते सांगा. रस्ता, पाणी, टेंडर काहीही. ते सांगायला त्यांच्याकडे नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. मी काम घेतलं नाही. फिलिपाँच्या नासपतीत राजाच्या देहाची थट्टा होती हे मला कळतं. पण राजाला सैन्य होतं, कोर्ट होतं, आणि तो देह सत्तेत बसून सुस्तावलेला होता. लहान पोराला झालेल्या आजारात त्या पोराचं कर्तृत्व काय? ज्यानं त्यानं आपली रेघ कुठे थांबवायची ते ठरवावं. माझी तिथे थांबते, आणि त्या दिवसापासून प्रचाराचं काम मी कुणाचंच घेत नाही.

हाच प्रश्न लग्नाच्या हॉलमध्ये नाजूक होऊन येतो. एका हळदीला एक कॉलेजची मुलगी समोर बसली. कपाळापासून एका गालावर कोडाचा पांढरा डाग होता. रांगेतली सगळी माणसं, आता ही चित्रकार काय काढते बघू, अशा नजरेनं माझ्या हाताकडे बघत होती. मी पेन खाली ठेवून तिला हळूच विचारलं. ती म्हणाली, ‘काढा ना. फोटोत सगळे तो घालवून देतात.’ मी काढला. त्याची कड गालावर नदीकाठासारखी वळत गेली होती आणि चित्रात तीच सगळ्यात सुंदर रेषा झाली. काही दिवसांनी दुसऱ्या कार्यक्रमात एक गृहस्थ बसले, त्यांचा एक डोळा तिरळा होता. त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, ‘नको. बायको बघेल.’ मी दोन्ही डोळे हसताना मिटलेले काढले. पहिल्या मुलीनं मला धीट केलं म्हणून दुसऱ्याला धीट करायला मी गेले नाही. समोरचा माणूस पाच मिनिटांसाठी स्वतःचा चेहरा आपल्या ताब्यात देतो. त्याला काय नको, हे त्यानं सांगितलं की ते तिथेच संपतं.

सगळ्यात जास्त जीव लागतो तो निवृत्तीच्या चित्रांत. तळोजा, पाताळगंगा, न्हावाशेवा, एसटी, शाळा, बँका, सगळीकडून अशी कामं येतात. सहकारी वर्गणी काढतात आणि एक फोटो पाठवतात, बहुधा आयकार्डावरचा, भिंतीला पाठ लावून काढलेला. त्या फोटोवरून काहीच होत नाही. मी त्यांना घरी बोलावते, दोघा-तिघांना तरी. एका एसटी चालकाच्या वेळी असेच तिघं आले होते. चेहऱ्याबद्दल विचारलं तर गप्प. मग विचारलं, ‘ते गाडीत कसे चढायचे?’ एकदम तिघंही उठले. एकानं दाराची दांडी धरल्याचा अभिनय केला, दुसऱ्यानं गळ्यातला नॅपकिन मागे टाकून दाखवला. तिसरा म्हणाला, तसं नाही, आधी टॉमीनं, त्या लोखंडी दांड्यानं, टायर ठोकायचे. चारी बाजूंनी फिरून. आणि प्रत्येक ठोक्याला मान तिरकी करून आवाज ऐकायचे. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत त्यांचं ऐकणं चालू.

चित्र तेच झालं. वाकलेला माणूस, हातात टॉमी, टायरकडे लावलेला भलामोठा कान, चेहरा निम्माच. बस मागे लहानशी. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. चालकाच्या पत्नी चित्राजवळ उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना सांगू लागल्या, ‘घरी नारळसुद्धा असाच कानाशी धरून बघतात.’ नोकरीतला माणूस आणि घरातला माणूस त्या एका कानात एकत्र आले. माझ्या कल्पनेत तो कान नव्हता, तिघा सहकाऱ्यांच्या आठवणीत होता. मी तो फक्त मोठा केला.

मराठीत या कलेनं किती घरं केली आहेत, हे नव्या मुलांना मी आवर्जून सांगते. वसंत सरवट्यांनी ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं केली, त्यांत आपले लेखक-कवी चित्रांतून भेटत. लेखक कसा दिसतो याबरोबर कसा लिहितो, हेही त्या रेषेत असे. पुण्यात मंगेश तेंडुलकर दिवाळीत चौकात उभं राहून वाहनचालकांना वाहतुकीच्या नियमांची व्यंगचित्रांची भेटकार्डं स्वतःच्या हातानं वाटायचे. शि. द. फडणीसांची चित्रं बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात आली, आणि गणिताच्या भीतीनं पोटात गोळा येणाऱ्या पोरांनी निदान ते पुस्तक उघडलं. त्यांत मी काढते तसा ओळखीचा चेहरा नाही, पण अतिशयोक्तीचा शहाणपणा तोच. एवढ्या वडीलधाऱ्या माणसांनी काम केलेल्या भाषेत कॅरिकेचर म्हणजे लग्नातला टाइमपास, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आश्रमशाळेत आणि गावातल्या शाळांत मी कार्यशाळा घेते. पहिला नियम: आधी स्वतःचं चित्र. आरसा हातात दिला की वर्गातला गोंगाट बसतो. शेजाऱ्याच्या नाकावर हसायला टपलेला मुलगा स्वतःच्या नाकाशी पोचला की बराच वेळ तिथेच थांबतो. दुसरा नियम: शेजाऱ्याचं काढलं तर ते त्याच्या हातात द्यायचं, भिंतीवर लावायचं की नाही ते तो ठरवणार. तिसरा नियम मी करायला जाते तोवर तास संपतो.

धंद्याची एक रूढी आहे, तिच्याशी मी अजून भांडते. इव्हेंटवाले बाजूला घेऊन सांगतात, ‘मॅडम, जेन्ट्सचं काहीही करा, लेडीजना गोड काढा.’ म्हणजे मोठे डोळे, चिमुकलं नाक, टोकदार हनुवटी. अशा चार बहिणी ओळीनं काढल्या तर त्यांच्या आईला नावं लिहून द्यावी लागतील. पुरुषाला स्वतःचा चेहरा मिळतो आणि बाईला तयार साचा, हा अन्याय आहे, आणि तो गोडीगुलाबीनं होतो म्हणून लक्षात येत नाही. बायका समोर बसून आधी तेच मागतात हेही खरं. पण चित्र हातात आल्यावर ज्या थांबून बघतात, जाताना जपून पिशवीत ठेवतात, त्या त्यांना स्वतःचं काहीतरी दिसलेल्या बायका असतात.

2020च्या टाळेबंदीत हॉल बंद झाले आणि काम फोटोवर आलं. लग्नं घरच्या घरी, पत्रिका व्हॉट्सॲपवर, आणि पत्रिकेवर नवरा-नवरीचं कॅरिकेचर. ते काम पुढेही राहिलं. आता मोबाइलमधलं ॲप फोटो घेतं आणि क्षणात चित्र देतं. स्वस्त आहे, झटपट आहे, ज्यांना तेवढंच हवं त्यांनी ते घ्यावं. पण ते ॲप काय करतं ते मी नीट पाहिलंय. डोकं मोठं करतं, अंग लहान करतं, डोळ्यांत चमक घालतं, कातडी गुळगुळीत करतं. ब्रेनन बाईंचा प्रोग्रॅम माणसाला सरासरीपासून लांब नेत होता. हे त्याला सरासरीकडे ओढून आणतं. इव्हेंटवाल्यांचा साचाच तो, फक्त आता बाप्यांनाही लागू.

मागच्या लग्नसराईत उरणकडच्या एका घरातून फोन आला. पत्रिका ॲपवर करून झाली होती, छापायला जायची होती, आणि नवरीची आजी अडून बसली होती. फोन तिनंच घेतला. ‘ही आमची पोर नाय. हिच्या भुवया कुठं गेल्या?’ मी म्हटलं, आजी, तुम्ही सांगा, मी काढते. आजीनं सांगितलं ते असं: भुवया जाड, मध्ये जवळजवळ जुळलेल्या, आजोबांच्या. हसली की डावीकडे खळी, उजवीकडे नाही. वेणी कधी सरळ राहत नाही. आणि उभी राहते ती कमरेवर हात ठेवून, भांडायला आल्यासारखी, पण भांडत नाही. मी दुसऱ्या दिवशी गेले, मुलीला समोर बसवलं, आणि आजीची यादी एकेक करून तपासली. सगळी बरोबर होती. मुलगी आधी भुवया बघून गप्प झाली, मग तिनं ते चित्र मैत्रिणींना पाठवलं आणि फोन वाजत राहिला.

नवऱ्याचं चित्र मी त्याच्या फोटोवरून केलं होतं, तो पुण्याला होता. पत्रिकेचा नमुना सासरी पोचला आणि संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. सून छान आली म्हणाल्या, अगदी तशीच. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘पण आमच्या ह्याचे कान एवढे साधे नाहीत हो. लहानपणी सगळे त्याला कानांवरूनच हाक मारायचे. वेळ असेल तर तेवढे मोठे करून द्याल का?’ छपाईला अजून एक दिवस होता. मी दिले.